पाणी भरण्याआधीची टाकी
वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

घरी स्वतःच्या हाताने गोड्या पाण्याची मोठी मत्स्यटाकी उभारण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रे टाकीत पाणी भरल्यानंतर लिहिलेली आहेत, आणि ती वाचताना पुन्हा पुन्हा जाणवले की तोच प्रश्न टाकी कोरडी असताना विचारला गेला असता तर त्याचे उत्तर किती सोपे झाले असते. पन्नास लिटरची टाकी चुकली तर ती तासाभरात उपसून नव्याने मांडता येते. सहाशे लिटरची टाकी एकदा भरली की ती जागची हलत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाला मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मला १५० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच अशी टाकी स्वतः बनवायची आहे. काच किती जाडीची घ्यावी? खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, हे अडचणीचे ठरेल का?

उत्तर : काचेच्या जाडीआधी टाकीच्या उंचीचा विचार करू, कारण आपल्या आराखड्यातील सर्वांत महाग आणि सर्वांत त्रासदायक माप तेच आहे. काचेवरचा पाण्याचा दाब टाकीत एकूण पाणी किती आहे यावर ठरत नाही, तर वरून खाली ते किती खोल आहे यावर ठरतो. ६० सेंटिमीटर उंचीच्या टाकीत समोरच्या १५० सेंटिमीटर लांबीच्या काचेवर एकूण सुमारे २७० किलो वजनाइतका जोर येतो. उंची ७५ केली की हाच जोर ४२० किलोंच्या आसपास जातो. उंची पाव पटीने वाढली आणि जोर दीड पटीहून अधिक झाला, कारण तो उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

आता आपलीच मापे अदलाबदल करून पाहा : १५० लांब, ७५ रुंद, ६० उंच. टाकीची धारणक्षमता तीच, म्हणजे काठोकाठ भरल्यास ६७५ लिटर, पण समोरच्या काचेवरचा जोर एक तृतीयांशाहून अधिक कमी झालेला. शिवाय पाण्याचा हवेला भिडणारा पृष्ठभाग पाव पटीने वाढला, त्यामुळे प्राणवायू पाण्यात अधिक सहज मिसळेल. माशांना पोहायला आणि एकमेकांपासून दूर राहायला अधिक तळ मिळाला. प्रकाश तळाच्या वनस्पतींपर्यंत नीट पोहोचेल. आणि वरून हात घातल्यावर बोटे तळाला टेकतील. ही शेवटची सोय कागदावर क्षुल्लक वाटते, पण ज्याने खांद्यापर्यंत हात बुडवून कोपऱ्यातले शेवाळ खरवडण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला तिचे मोल ठाऊक आहे. या मापांना १२ मिलिमीटर जाडीची काच आणि वरच्या कडेला आतून चिकटवलेल्या काचेच्या आडव्या पट्ट्या ही प्रचलित आणि योग्य रचना आहे. ७५ सेंटिमीटर उंचीवरच आपला आग्रह असेल, तर किमान १५ मिलिमीटरची काच धरावी आणि आराखडा जाणकाराकडून तपासून घ्यावा.

जोडणीसाठी मत्स्यटाकीकरिता बनवलेलेच सिलिकॉन वापरावे. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बहुधा बुरशीरोधक मिसळलेले असते आणि ते माशांना घातक आहे. काचांच्या कडा अॅसिटोनने पुसून त्यांना पुन्हा बोट लावू नये, दोन काचांमध्ये सिलिकॉनचा बुडबुडेविरहित अखंड थर राहू द्यावा आणि काचा एकमेकींवर इतक्या दाबू नयेत की तो थर बाहेर पिळून निघेल. सुकलेल्या सिलिकॉनला नवे सिलिकॉन भरवशाने चिकटत नाही. त्यामुळे गळणाऱ्या जोडावर वरून लेप देऊन काम भागत नाही, तो जोड कापून पूर्णपणे साफ करून पुन्हा करावा लागतो. एवढ्या टाकीला निदान एक आठवडा सुकू द्यावे आणि मग जिथे पाणी सांडले तरी चालेल अशा जागी सपाट आधारावर ठेवून, टप्प्याटप्प्याने भरून काही दिवस तपासावे. अर्थात, तयार टाकी खोलीच्या दारातून आणि जिन्याच्या वळणावरून जाते की नाही, हे काच कापण्याआधीच मोजलेले असले पाहिजे.

आता मजल्याविषयी. अशा टाकीत प्रत्यक्षात साडेपाचशे लिटरच्या आसपास पाणी राहील, काचेचे वजन सुमारे ११५ किलो होईल, पाच सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर ९० किलोंच्या जवळ जाईल, आणि दगड व स्टँड धरून सगळा भार ८५० ते ९०० किलोंच्या घरात पोहोचेल. हा सारा भार सव्वा चौरस मीटरहूनही कमी जागेवर उभा राहणार आहे. राहत्या घरांच्या जमिनीचे आराखडे साधारणपणे दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो वापरातील भार धरून केले जातात. याचा अर्थ टाकी ठेवताच जमीन खचेल असा नाही, कारण तो हिशोब संपूर्ण खोलीचा असतो. मात्र टाकी कुठे ठेवायची याला मोठे महत्त्व येते. खोलीच्या मध्यभागी ती कधीही ठेवू नये. भार पेलणाऱ्या भिंतीलगत किंवा तुळईच्या वर ठेवावी, आणि जमीन लाकडी वाशांवर असेल तर टाकीची लांबी वाशांना आडवी यावी, म्हणजे भार एकाच वाशावर न पडता अनेकांवर वाटला जाईल. तरीही दुसऱ्या मजल्यावर अशी टाकी ठेवण्यापूर्वी इमारतीचा आराखडा स्थापत्य अभियंत्याला दाखवावा. मी केलेले गणित त्याच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

स्टँडचा माथा पाणसळीने दोन्ही दिशांना तपासावा आणि उतार असेल तर तो स्टँडच्या पायांखाली काढावा. टाकीच्या काचेखाली पाचरी घालून पातळी कधीही साधू नये. चौकट नसलेल्या काचेच्या टाकीखाली फोमचा किंवा थर्माकोलचा एकसंध पातळ थर अंथरला, म्हणजे लाकडाचा एखादा कण किंवा खिळ्याचा माथा काचेच्या एकाच बिंदूवर भार आणत नाही.

प्रश्न : काठावरून पाणी ओसंडून खालच्या संपमध्ये (टाकीखाली ठेवलेल्या दुसऱ्या लहान टाकीत) जाईल आणि पंपाने परत वर येईल अशी रचना करण्याचा विचार आहे. वीज गेल्यावर खालचा संप भरून वाहील अशी भीती घरचे व्यक्त करतात.

उत्तर : भीती रास्त आहे आणि तिचे उत्तर मोजमापातच आहे. आपल्या पत्रानुसार टाकी १५० बाय ७५ सेंटिमीटरची आहे, म्हणजे पृष्ठभागाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे सव्वाअकरा लिटर पाणी. पंप थांबल्यावर पाणी ओसंडण्याच्या काठापर्यंत उतरत राहते, आणि परतीच्या नळीचे तोंड पाण्यात बुडालेले असेल तर तीच नळी उलटा सायफन होऊन तोंडाशी हवा लागेपर्यंत पाणी खाली ओढते. पातळी तीन सेंटिमीटर उतरली तर सुमारे ३४ लिटर खाली येतील, त्यात नळ्यांमधले पाणी मिळवा. संप चालू असताना त्यात एवढी जागा कायम रिकामी असली पाहिजे. परतीच्या नळीचे तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवावे आणि पृष्ठभागाच्या किंचित खाली नळीला एक बारीक छिद्र पाडावे, म्हणजे हवा शिरून सायफन तुटेल. हे छिद्र शेवाळाने बुजते, म्हणून ते महिन्यातून एकदा साफ करावे आणि केवळ त्याच्यावर विसंबू नये. उलट दिशेचा प्रवाह रोखणाऱ्या झडपेवर तर मुळीच विसंबू नये, कारण एखादी गोगलगायही तिला अर्धवट उघडी ठेवू शकते. माशांशिवाय टाकी चालवून पंप दहा वेळा बंद-चालू करून पाहावा, आणि संपमध्ये जिथवर पाणी चढेल तिथे खूण करावी.

काचेला भोक पाडायचे असेल तर ते जोडणीपूर्वी, पाण्याची धार धरून, हिऱ्याच्या ड्रिलने पाडावे. टफन केलेल्या, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या, काचेला भोक पाडता येत नाही. ड्रिल टेकताच तिचे तुकडे होतात आणि तयार टाक्यांचा तळ पुष्कळदा अशाच काचेचा असतो.

विजेच्या जोडणीविषयी आपण विचारले नाही, तरी सांगणे भाग आहे. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्यापूर्वी प्लगच्या पातळीखाली झुकून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी खालीच ठिबकेल. आणि टाकीची सारी उपकरणे गळती प्रवाह तोडणाऱ्या सर्किट ब्रेकरवर असली पाहिजेत. पाण्यात हात घालण्यापूर्वी वीज बंद करण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लावावी.

प्रश्न : टाकी भरून फिल्टर तीन दिवस चालवला, पाणी काचेसारखे स्वच्छ झाले, म्हणून वीस मासे सोडले. आठव्या दिवसापासून ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले आणि एकेक करून चौदा मासे गेले. पाणी आजही स्वच्छ दिसते.

उत्तर : आपले पत्र वाचून फार वाईट वाटले, आणि अधिक वाईट याचे की अशी पत्रे सातत्याने येतात. पाण्याची पारदर्शकता आणि पाण्याची सुरक्षितता यांचा एकमेकींशी संबंध नाही. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या अन्नातून अमोनिया पाण्यात येतो. तो रंगहीन असतो आणि कल्ले जाळतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच आहे, कारण ते रक्तातील हिमोग्लोबिनला निकामी करते आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. आपले मासे पृष्ठभागावर धापा टाकत होते त्यामागे या दोन्हींपैकी एक कारण असण्याचीच शक्यता अधिक आहे. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि ते पाणी बदलून काढता येते.

हे जिवाणू नव्या टाकीत जवळपास नसतात आणि त्यांची वाढ अत्यंत मंद असते. पुरेशी वस्ती होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात, पाणी थंड असेल तर त्याहून अधिक. नायट्राइटचे रूपांतर नायट्रोबॅक्टर नावाचे जिवाणू करतात असे दीर्घकाळ मानले जाई. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने गोड्या पाण्याच्या मत्स्यटाक्यांत हे काम नायट्रोस्पायरा प्रकारचे जिवाणू करतात असे दाखवले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की असे जिवाणू मुख्यतः पाण्यात तरंगत नाहीत, ते पृष्ठभागांना चिकटून राहतात. म्हणून जुन्या टाकीचे पाणी आणून ओतल्याने फारसा लाभ होत नाही, पण निरोगी, चालत्या टाकीच्या फिल्टरमधील स्पंजचा एक तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवला तर कित्येक आठवडे वाचू शकतात. त्याच कारणाने फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्यात कधी धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा.

जिवंत उरलेल्या सहा माशांसाठी आत्ता करायचे ते असे : दररोज अमोनिया आणि नायट्राइट मोजावे, दोन्हींपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे, अन्न एक दिवसाआड आणि अगदी थोडे द्यावे, आणि हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. नवे पाणी टाकीतल्या पाण्याच्याच तापमानाचे आणि क्लोरिन काढलेले असावे. साधा क्लोरिन दिवसभर हवा सोडल्याने उडून जातो, परंतु क्लोरामाइन, म्हणजे क्लोरिन आणि अमोनिया यांचे संयुग, तसा जात नाही. आपल्या पाण्यात यांपैकी काय वापरले जाते याची पाणीपुरवठा खात्याकडे चौकशी करावी. क्लोरिन काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सोडियम थायोसल्फेटने क्लोरामाइन फुटतो तेव्हा त्यातून अमोनिया मोकळा होतो, म्हणून तिथे अमोनियालाही बांधणारे द्रव्य घ्यावे.

अमोनियाचा आकडा वाचताना पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, तोही पाहावा. २५ अंश सेल्सियसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्का भागच विषारी रूपात असतो; पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. चाचणीतला आकडा तोच, पण धोका जवळजवळ दहापट.

प्रश्न : भरपूर वनस्पती लावल्या तर फिल्टरची गरज उरत नाही, हे खरे आहे का?

उत्तर : काही अंशी खरे आहे आणि ही कल्पना जुनीही आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला होता, ज्यात गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि सडकी पाने खाणाऱ्या गोगलगायी यांचा समतोल एका भांड्यात साधला होता. वाढीला लागलेल्या वनस्पती अमोनिया थेट शोषून घेतात, हे निश्चित. पण त्या समतोलात पाणी पुष्कळ आणि मासे अगदी थोडे असतात, आणि मोठी टाकी बांधणाऱ्याची इच्छा बहुधा याच्या उलट असते. म्हणून वनस्पती अवश्य लावाव्यात आणि फिल्टरही ठेवावा. त्याचा पंप तासाला टाकीच्या चार ते सहा पट पाणी फिरवणारा असावा. दिवे सुरुवातीला सहा तासच लावावेत, कारण नव्या टाकीत अधिकचा प्रकाश वनस्पतींच्या आधी शेवाळ वापरते.

प्रश्न : दगडांची मोठी रचना करायची आहे. आधी वाळू घालावी की आधी दगड?

उत्तर : आधी दगड. मोठे दगड तळाच्या काचेवर प्लास्टिकच्या जाळीचा किंवा पातळ फोमचा तुकडा ठेवून त्यावर बसवावेत आणि मग भोवती वाळू घालावी. वाळूवर रचलेल्या दगडाखालून सिक्लिडसारखे मासे वाळू उकरतात आणि सारी रचना काचेवर कोसळू शकते. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे आणि तो पाण्याचा जडपणा व पीएच वाढवत राहील.

प्रश्न : मोठ्या टाकीचे पाणी आपोआप स्थिर राहते असे ऐकले आहे. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी तेवढे भरत राहिले तर चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. बाष्पीभवनात केवळ पाणी उडते. क्षार, नायट्रेट आणि इतर विरघळलेली द्रव्ये मागेच राहतात आणि दर वेळी नवे पाणी भरताना आपण त्यांत नव्या क्षारांची भर घालतो. मोठ्या टाकीत बदल सावकाश होतात एवढेच खरे. साठणे थांबत नाही.

समजा आपल्या टाकीत दर आठवड्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट तयार होते आणि आपण दर आठवड्याला पाव पाणी बदलता. तर नायट्रेटची पातळी वाढत वाढत पाणी बदलण्यापूर्वी ४० मिलिग्रॅमवर येऊन स्थिरावेल. निम्मे पाणी बदलल्यास ती २० वर थांबेल. आणि काहीच न बदलल्यास ती कुठेच थांबणार नाही. आपल्या टाकीत दर आठवड्याला प्रत्यक्ष किती भर पडते हे मोजून मग किती पाणी बदलायचे ते ठरवावे. जिवाणूंच्या या कामात पाण्यातील कार्बोनेटही खर्च होते, आणि ते संपले की पीएच एकाएकी घसरतो. पाणी बदलल्याने ते परत भरून निघते.

सहाशे लिटरच्या टाकीत पाव पाणी म्हणजे दीडशे लिटर. ते बादल्यांनी वाहून नेण्याचा उत्साह फार काळ टिकत नाही, आणि मग पाणी बदलणे लांबत जाते. माझ्या पहिल्या मोठ्या टाकीत नेमके हेच झाले, आणि त्याची किंमत माशांनी मोजली. म्हणून पाणी बाहेर नेणाऱ्या नळीची वाट आणि नवे पाणी आत आणणारी झडप स्टँड बसवतानाच योजून ठेवावी.

प्रश्न : टाकी भरून सहा आठवडे झाले. आपण पूर्वी सुचवल्याप्रमाणे माशांशिवाय, अमोनिया घालून ती तयार करत आहे. आता अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतात. घरातली मुले रोज विचारतात. मासे कधी आणू?

उत्तर : एक शेवटची परीक्षा घ्यावी. टाकीत लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होईल इतका घालावा. सहाशे लिटरला सुगंध आणि साबण नसलेले दहा टक्क्यांचे अमोनियाचे द्रावण सुमारे १२ मिलिलिटर लागेल. चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर टाकी तयार आहे. मग निम्म्याहून अधिक पाणी बदलून साठलेले नायट्रेट काढून टाकावे आणि मासे एक-दोन दिवसांत आणावेत, कारण अन्न न मिळाल्यास जिवाणूंची वस्ती ओसरू लागते.

कोणते मासे, हेही आपण विचारले आहे. निऑन टेट्रा आणि कोरीडोरस हे थव्याने राहणारे मासे आहेत. दोन-दोन आणण्याऐवजी एकाच जातीचे दहा-बारा आणावेत. ऑस्कर ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि तोंडात मावेल तो मासा खातो. काच साफ करणारा म्हणून बोटाएवढा असताना विकला जाणारा साधा प्लेको ३० ते ४५ सेंटिमीटर वाढतो. पंगास आणि लाल शेपटीचा कॅटफिश तर मीटरभर आणि त्याहून अधिक वाढतात. आपली टाकी मोठी आहे, पण त्यांच्यासाठी ती मोठी नाही. मासा वाढून अडचण झाली म्हणून तो नदीत किंवा तळ्यात सोडणे हा त्या जलाशयावर अन्याय आहे. प्लेकोंनी अनेक देशांतल्या नद्यांत असेच ठाण मांडले आहे.

पहिला थवा सोडताना पिशवी बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, मग टाकीतले पाणी थोडे थोडे पिशवीत घालावे, आणि मासे जाळीने टाकीत घ्यावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. त्यानंतरचा प्रत्येक नवा मासा आधी चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवावा, कारण सहाशे लिटर पाण्यात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला तर औषध त्या सगळ्या पाण्याला द्यावे लागते. पहिल्या दिवशी दिवे बंद ठेवावेत आणि खायला काही देऊ नये. मुलांना सांगावे की संध्याकाळी काचेपासून थोडे दूर बसले तर मासे वनस्पतींआडून हळूहळू बाहेर येतील.